अंक आपण घेतो, पैसे दुसराच देतो

आमच्या स्टेशनाबाहेरच्या पेपरवाल्या काकांचा स्टॉल गेल्या पंधरा वर्षांत हळूहळू मोबाइलचं दुकान झाला. पूर्वी दोन खांबांना सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून तिथे मासिकं टांगलेली असायची. एका नजरेत दहा-बारा मुखपृष्ठं, त्यांवर दहा-बारा हसणाऱ्या बायका. आता त्याच सुतळीला मोबाइलची कव्हरं आणि चार्जरच्या वायरी लटकतात. मासिकं अजून आहेत, पण खाली, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यामागे. मागावी लागतात. मध्ये एकदा विचारलं, ‘‘कोण घेतं हो आता?’’ काका म्हणाले, ‘‘पार्लरवाल्या. आणि दाताचे डॉक्टर.’’

म्हणजे जे स्वतः वाचत नाहीत, ते.

‘लोकांचं वाचन संपलं, मोबाइलनं मासिकं खाल्ली’ असं आपण सहज बोलून टाकतो. त्यात अर्धंच खरं आहे. घरसजावट, पाककृती, कपडे, नटनट्यांची लग्नं हे सगळं लोक पूर्वीपेक्षा जास्तच बघतात, रात्री एकपर्यंत बघतात. वाचक पळाला नाही. पळाला तो दुसराच माणूस, आणि तो कोण हे कळायला मासिकाची हिशेबाची वही उघडावी लागते.

मी तीन वर्षं एका दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करत फिरलो. तोवर माझाही समज हाच होता की मासिक म्हणजे छापायचं आणि विकायचं, वांग्या-बटाट्यासारखं. तसं नसतं. समजा, एका चकचकीत मासिकाची किंमत १०० रुपये आहे. स्टॉलवाला आणि त्याच्या वरचा वितरक मिळून त्यातले ४० ठेवतात. उरले ६०. आर्ट पेपर, रंगीत छपाई, बांधणी, मजकूर, फोटो, पगार, जागेचं भाडं धरून एका अंकाचा खर्च आला १२०. म्हणजे अंक विकला गेला की मालकाच्या खिशातून ६० रुपये गेले. आणि नाही विकला गेला तर? तो परत येतो, रद्दीच्या भावानं जातो, आणि छपाईचा सगळाच खर्च अंगावर पडतो. हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक मासिकाचं गणित वेगळं. पण तऱ्हा हीच.

ही खोट जाहिरातदार भरून काढायचा. नुसती भरून काढायचा नाही, वर नफाही द्यायचा. त्यामुळे मासिकाचा मालक एकाच वेळी दोन दुकानं चालवतो. पुढच्या दारानं तो वाचकाला अंक विकतो, बहुतेक तोट्यात. मागच्या दारानं तोच वाचक जाहिरातदाराला विकतो, आणि खरी कमाई तिथे होते. पुढचं दार ही खरं तर मागच्या दुकानासाठी केलेली मालखरेदी!

ही युक्ती फार जुनी आहे. १८९३ साली फ्रँक मन्सी या अमेरिकन प्रकाशकानं आपल्या मासिकाची किंमत २५ सेंटवरून थेट १० सेंटवर आणली. इतक्या कमी किमतीत अंक परवडत नाही हे त्यालाही कळत होतं. पण स्वस्त झाला म्हणून खप वाढला, खप वाढला म्हणून जाहिराती आल्या, आणि जाहिरातींनी पैसा दिला. दहाच वर्षांत, १९०३ मध्ये, ‘लेडीज होम जर्नल’ या बायकांच्या मासिकानं १० लाख वर्गणीदारांचा टप्पा गाठला. बायकांचं मासिकच का पुढे गेलं? कारण साबण, बेकिंग पावडर, शिवणयंत्र, कापड यांची खरेदी घरात कोण ठरवतं हे कंपन्यांना तेव्हाच उमगलं होतं.

लाइफस्टाइल मासिक आणि बातम्यांचं साप्ताहिक यांतला फरकही इथेच कळतो. बातम्यांचा अंक कोणीही उचलतो. लग्नाच्या पेहरावांचं मासिक उचलणारी मुलगी किंवा तिची आई मात्र येत्या सहा महिन्यांत काही लाख खर्च करणार आहे. फर्निचरचं मासिक चाळणाऱ्यानं नुकताच फ्लॅट घेतलेला असतो. वाचक आपणहून पुढे येऊन सांगतो की माझ्याकडे पैसा आहे आणि मला अमुक घ्यायचंय. त्यामुळे अशा मासिकाचा खप थोडा असला तरी चालतो. घड्याळाची कंपनी विचारते, अंक किती हातांत जातो ते सोडा, कोणत्या हातांत जातो ते सांगा.

तरीही किती हातांत, हे मोजावं लागतंच. आपल्याकडे खप तपासणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आहे. ती विकल्या गेलेल्या प्रती मोजते. वाचकसंख्या हा वेगळा आकडा, तो पाहणीतून काढतात, कारण एक प्रत अनेक जण वाचतात. आता काकांचं उत्तर पुन्हा आठवा. पार्लरमधला एक अंक महिनाभरात पन्नास बायका चाळतात. विक्रीच्या हिशेबात ती एक प्रत. जाहिरातदाराला सांगायच्या हिशेबात पन्नास वाचक. त्यामुळे पार्लर आणि दाताचा दवाखाना ही मासिकांची लाडकी गिऱ्हाइकं, अगदी फुकट अंक द्यावेत इतकी. फक्त आता त्या पार्लरमध्येही बाई केसांना मेंदी लावून बसली की हात मोबाइलकडेच जातो, आणि टेबलावरचा अंक गेल्या दिवाळीपासून तसाच पडून असतो.

या धंद्यात जास्त खप म्हणजे जास्त नफा, असंही नाही. हे पहिल्यांदा ऐकलं की विश्वास बसत नाही, म्हणून जरा थांबतो. अमेरिकेत १९३६ साली ‘लाइफ’ हे छायाचित्रांचं साप्ताहिक निघालं. निघण्याआधी मालकांनी जाहिरातदारांना सांगितलं, आमचा खप अडीच लाख राहील, त्या हिशेबानं वर्षाचा दर द्या. अंक आला आणि लोक तुटून पडले. काही महिन्यांत खप १० लाखांवर. ऑफिसात पेढे वाटले गेले असतील असं वाटेल, पण झालं उलटं. जाहिरातीचे पैसे अडीच लाख प्रतींचे, छपाई दहा लाखांची, आणि प्रत्येक प्रत तोट्यात. खप वाढेल तसा खड्डा वाढत गेला. जाहिरातीचे दर नव्यानं ठरल्यावरच ते सावरले.

शेवटही तसाच विचित्र. ‘लाइफ’सारखंच छायाचित्रांचं अमेरिकन नियतकालिक ‘लुक’ १९७१ मध्ये बंद पडलं तेव्हा त्याचा खप ६० लाखांच्या वर होता. पुढच्याच वर्षी साप्ताहिक ‘लाइफ’ थांबलं, ५० लाखांहून जास्त खप असताना. आपल्याकडे पाच हजार प्रती खपणाऱ्या मासिकाचा संपादक हे आकडे ऐकून डोक्याला हात लावेल. पण त्यांचा जाहिरातदार टीव्हीकडे गेला होता. वाचक होते, पत्रं लिहीत होते, वर्गणी भरत होते. त्यांना विकत घेणारा राहिला नव्हता. टपालाचे दरही वाढत होते, म्हणजे प्रत्येक निष्ठावान वाचक हा महिन्याला थोडं नुकसान करणारा माणूस ठरला. ‘लेडीज होम जर्नल’ २०१४ मध्ये मासिक म्हणून थांबलं तेव्हा त्याचाही खप ३० लाखांच्या वर होता.

आपल्याकडे गोष्ट थोडी उशिरा आणि थोडी वेगळी घडली. ‘फेमिना’ १९५९ पासून होतं, मराठीत त्याआधीच १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं होतं, नंतर ‘मेनका’, ‘माहेर’ घरोघरी पोचली. पण आज ज्याला आपण ग्लॉसी म्हणतो तो प्रकार उदारीकरणानंतरचा. १९९६ मध्ये ‘एल’ आणि ‘कॉस्मोपॉलिटन’च्या भारतीय आवृत्त्या आल्या. मग २००७ मध्ये ‘व्होग’. मधल्या काळात सरकारनं नियम बदलले होते. बातम्यांच्या वृत्तपत्रांत परकीय भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच, पण विशेष विषयांच्या नियतकालिकांत पूर्ण १०० टक्के चालेल, असा तो भेद होता. लिपस्टिक आणि सोफ्यांमुळे देशाच्या राजकारणाला धोका नाही, असा सरकारचा हिशेब असावा. ‘व्होग’ची कंपनी स्वतः इथे आली आणि पाठोपाठ पुरुषांचं, प्रवासाचं, घरांचं अशी भावंडंही घेऊन आली. मॉल उघडत होते, परदेशी ब्रँड दुकानं थाटत होते, आणि त्यांना जाहिरात करायला जागा हवी होती. मासिकं मॉलच्या पाठीवर बसून आली, असं म्हटलं तरी चालेल.

मराठीत मात्र ग्लॉसीचं तसं पीक कधी आलं नाही. परदेशी पर्सच्या जाहिरातदाराला मराठी वाचणारा श्रीमंत इंग्रजीतही भेटत होताच, मग मराठीसाठी वेगळा पैसा कशाला? शिवाय आपल्याकडे लाइफस्टाइलचा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीतून घरपोच आणि जवळजवळ फुकट येत होता. शनिवारची पुरवणी, बायकांची पुरवणी, तरुणांची पुरवणी. दोन-चार रुपयांच्या पेपरात पाककृती, आरोग्य, नातेसंबंध सगळं मिळत असेल, तर त्याचसाठी महिन्याला वेगळे पन्नास कोण देणार? अमेरिकेत मासिकाला टीव्हीनं मारलं, मराठीत त्याआधी पेपरवाल्या पोराच्या सायकलनंच त्याचा श्वास कोंडला. माझं हे मत काही जुन्या संपादकांना पटत नाही. ते दोष वाचकाला देतात.

मग आला फोन. फोनमुळे नेमकं काय झालं? लाइफस्टाइल मासिक म्हणजे खरं तर एका पुडक्यात बांधलेल्या चार वस्तू होत्या. एक, बघायला सुंदर चित्रं. दोन, सल्ला: कोरड्या त्वचेला काय लावावं, अळूवडी सुटू नये म्हणून काय करावं. तीन, बाजारात काय आलंय त्याची यादी. चार, कोणीतरी जाणकारानं हे निवडलंय हा भरवसा. फोननं पुडक्याची गाठ सोडली. चित्रं २०१० नंतर इन्स्टाग्रामवर गेली. सल्ला यूट्यूबवर गेला, जिथे अळूवडी सुटताना आणि न सुटताना दोन्ही दिसते. यादी शॉपिंगच्या अॅपमध्ये गेली, किमतीसकट. आणि जाणकार? त्याची जागा आपल्याच गावच्या, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या पोरीनं घेतली, जी कॅमेऱ्यासमोर कुर्ता फिरवून दाखवते. जाहिरातदारानं पाहिलं, संपादकाला फुल पेजचे पैसे देण्यापेक्षा हिलाच थेट दिले तर काम स्वस्तात होतं, आणि किती जणांनी बोट दाबलं ते त्याच संध्याकाळी कळतं. छापील पानाला हे कधीच सांगता आलं नव्हतं. ‘आमचा वाचक अंक जपून ठेवतो,’ एवढंच आम्ही सांगत असू.

मग एकेक दिवे विझत गेले. अमेरिकेत ‘ग्लॅमर’चा नियमित छापील अंक २०१९ च्या सुरुवातीला थांबला, ओप्रा विन्फ्रीच्या नावाचं मासिक २०२० च्या अखेरीस. २०२२ च्या फेब्रुवारीत तर एका कंपनीनं एकाच दिवशी सहा मासिकांची छपाई बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यात ‘इनस्टाइल’ आणि ‘एंटरटेनमेंट वीकली’ होती. ही कंपनी म्हणजे डॉटडॅश मेरेडिथ. ‘पीपल’, ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’ अशी जुनी नावं तिच्याकडे २०२१ मध्ये सुमारे २७० कोटी डॉलरच्या व्यवहारात आली. कागद सोडून वेबसाइटवर पैसा कमवू, असा बेत. लोक गुगलवर ‘कार्पेटवरचा डाग कसा काढावा’ विचारतील, आमच्या पानावर येतील, आम्ही बाजूला जाहिरात दाखवू.

बेत काही काळ जमलाही. पण इथे एक नवी गोम निघाली. गुगल आता प्रश्नाचं उत्तर वरच लिहून देऊ लागलं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं, त्यात याच मासिकांतून उचललेला शहाणपणा. डागाचा उपाय तिथेच कळला तर खाली कोण जातं? या कंपनीच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितलं की गुगल सर्चवरून येणारी वर्दळ दोन वर्षांपूर्वी एकूण वर्दळीच्या ५४ टक्के होती, ती २४ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी कंपनीनं आपलं नावही बदललं, ‘पीपल इन्कॉर्पोरेटेड’, म्हणजे पुन्हा एका मासिकाचंच नाव घेतलं. मला हा तपशील फार बोलका वाटतो. पंचवीस वर्षं ‘मासिक सोडा, डिजिटल व्हा’ ऐकवल्यावर शेवटी भाव उरला तो मासिकाच्या नावालाच.

आणि खरोखर, आज या धंद्यातली सगळ्यात विकाऊ वस्तू नावच आहे. ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’च्या नावानं वॉलमार्टच्या दुकानांत २००८ पासून उश्या, चादरी, बागेतल्या खुर्च्या विकल्या जातात. मासिक त्यात काही बनवत नाही, नाव वापरायचे पैसे घेतं. ‘गुड हाउसकीपिंग’ १९०९ पासून वस्तू तपासून शिक्का देतं. आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण ‘फिल्मफेअर’. मासिक १९५२ चं, पुरस्कार १९५४ पासून. आज रस्त्यावरच्या दहा जणांना विचारा, पुरस्काराची काळी बाहुली सगळ्यांना माहीत असेल, ताज्या अंकाच्या मुखपृष्ठावर कोण आहे ते एखाद्यालाच. समारंभाचे प्रायोजक, टीव्हीचे हक्क, तिकिटं अशा सोहळ्यांमधून पैसा येतो, आणि सोहळ्याला वजन यावं म्हणून मासिक हवं. पूर्वी मासिक चालावं म्हणून सोहळा करत.

दुसरी वाट सभासदांची. अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या मासिकांत आज पन्नाशीपुढच्या लोकांच्या संघटनेचं मासिक आहे, २ कोटींहून जास्त प्रतींचं, आणि ‘कॉस्टको’ या घाऊक दुकानाचं मासिक आहे, दीड कोटीच्या आसपास प्रतींचं. दोन्ही स्टॉलवर विकायची म्हणून काढलेली नाहीत. सभासद झालात की घरी येतात. दुकानानं स्वतःच मासिक काढायचं हे अमेरिकेत नवल वाटत असेल, आपल्याला वाटू नये. १९२० साली किर्लोस्करवाडीत नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं खबरपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगराच्या गिऱ्हाइकासाठी निघालेला अंक कथा-कवितांच्या वाचकापर्यंत गेला. सभासदांच्या वाटेवर मराठी वर्तमानपत्रंही गेली. ‘लोकमत’चं सखी मंच आणि ‘सकाळ’चं मधुरांगण यांत बाई आधी सभासद असते: हळदीकुंकू, नाटकाचे प्रयोग, स्पर्धा, भेटवस्तू. तिथे जाहिरातदाराला प्रत्यक्ष हॉलमध्ये बसलेल्या बायका दिसतात. कागदावरच्या वाचकसंख्येपेक्षा त्याचा यावर विश्वास जास्त.

तिसरी वाट मात्र मला सगळ्यात रंजक वाटते: कमी वेळा काढा, जाड काढा, महाग काढा. अमेरिकेत सुपरमार्केटच्या बिलाच्या रांगेत आज जे अंक दिसतात त्यांतले बरेच एकाच विषयाचे असतात. एक गायिका, एक राजघराणं, एअर फ्रायरच्या शंभर पाककृती. कागद जाड, जाहिरात जवळजवळ नाही, किंमत नेहमीच्या मासिकाच्या दुप्पट-तिप्पट, आणि तारीख नसल्यामुळे तीन-तीन महिने मांडून ठेवता येतात. धड पुस्तक नाही, धड मासिक नाही. ‘लाइफ’चं नाव कित्येक वर्षं अशाच अंकांवर जगलं. ‘किनफोक’सारखी वर्षातून चार वेळा निघणारी मासिकं तर लोक दिवाणखान्यात टेबलावर मांडण्यासाठीच घेतात, पाहुण्यांना दिसावीत म्हणून. ‘प्लेबॉय’नं २०२० मध्ये छपाई थांबवली आणि २०२५ मध्ये परत आलं ते वार्षिक अंक म्हणून.

म्हणजे गणित उलटं झालं. आता पैसे वाचक देतो. म्हणून त्याला हातात जड लागणारी, जपून ठेवावीशी वाटणारी वस्तू द्यावी लागते. रोजचा मजकूर फोनवर फुकट, आणि वर्षातून एकदा-दोनदा सणासारखा अंक.

सणासारखा! आता हसू येतं की नाही? न्यूयॉर्कच्या सल्लागारांनी तक्ते मांडून जो शोध लावला, तो काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मुंबईत ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून करून दाखवला होता. वर्षातून एक अंक, नेहमीपेक्षा जाड, नेहमीपेक्षा देखणा, सणाच्या खरेदीच्या तोंडावर, जेव्हा घरात पैसा असतो आणि सुट्टी असते. आजही दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांतल्या अनेकांचं बाकी अकरा महिने अस्तित्वच नसतं. किमती दोनशे-तीनशेच्या पुढे गेल्या आहेत.

त्याहून पक्कं उदाहरण हवं असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघा. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघतं. पुढे तिथी, सण, पंचांग. पान उलटा: पाककृती, आरोग्य, राशिभविष्य, नामवंतांचे लेख, आणि जाहिरात. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात यशस्वी लाइफस्टाइल नियतकालिक हेच, फक्त ते खिळ्याला टांगलेलं असल्यामुळे आपण त्याला मासिक म्हणत नाही. दुधाचा हिशेब त्यावर लिहिला जातो. वर्षभर रोज घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघतं. जाहिरातदाराला अजून काय हवं?

आता दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं गुपित सांगतो, कारण तिथे मी प्रत्यक्ष पायपीट केली आहे. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, आम्ही निघायचो. सहकारी बँक, पतपेढी, सराफ, बिल्डर, मसाल्याचा कारखाना, शिक्षणसंस्था. हातात रेट कार्ड: मलपृष्ठ इतके, आतलं रंगीत पान इतके, अर्धं पान इतके. तीन वर्षांत एकाही माणसानं मला खप विचारला नाही. चेअरमन विचारायचे, ‘‘संपादक बरे आहेत ना? यंदा कोणाकोणाचं आहे?’’ चहा यायचा. मग ‘गेल्या वर्षीसारखंच टाका’ म्हणायचे, आणि मजकूर ठरलेला: ‘आमच्या सर्व सभासदांना, ठेवीदारांना व हितचिंतकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.’ वर लक्ष्मीचं चित्र, खाली संचालक मंडळाची नावं.

त्या जाहिरातीनं एक ठेव जास्त आली असेल असं मला वाटत नाही, चेअरमनलाही वाटत नव्हतं. ती जाहिरात नव्हतीच, आहेर होता. आणि म्हणूनच फोन आला तरी ती टिकली. ज्यानं कधी मोजलंच नाही, त्याला ‘इन्स्टाग्रामवर मोजून मिळतं’ हे सांगून फरक पडत नाही. ज्या मोजमापानं ग्लॉसी मासिकांचा जाहिरातदार पळवला, ते मोजमाप दिवाळी अंकांच्या वाटेला फारसं गेलंच नाही.

यात सुख आहे तसं दुखणंही आहे. आहेर माणसाच्या ओळखीवर येतो. चेअरमन बदलला, संपादक गेले, बँक अडचणीत आली की पान गेलं. शब्द आणि पैसा यांच्यातलं अंतर तर विचारू नका. एका संस्थेनं आमच्याकडून आतलं रंगीत पान घेतलं, अंक छापून घरपोच नेऊन दिला, त्यांनी कौतुक केलं, आणि बिलाचे पैसे मिळाले ते पुढच्या दिवाळीची जाहिरात मागायला गेलो तेव्हा. तोवर छापखान्याचे मालक मला बघितलं की चष्मा काढून पुसायला लागायचे. कागदाचा भाव तर आपल्या हातातच नसतो. २०१९ मध्ये सरकारनं वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क लावलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आणलं. तेवढ्यात २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि कागद पुन्हा भडकला. ऑगस्टमध्ये ठरवलेली अंकाची किंमत ऑक्टोबरमध्ये तोट्याची निघू शकते, आणि तोवर जाहिराती त्याच जुन्या दरानं घेऊन झालेल्या असतात. ‘लाइफ’ला १९३६ मध्ये पडलेला पेच दादरच्या छापखान्यात असा भेटतो.

मग या सगळ्यात छापील अंकाकडे फोनला न जमणारं काय उरलं? मला ‘आवाज’ची खिडकी आठवते. १९५१ पासूनच्या या विनोदी दिवाळी अंकात पानाला चौकोनी भोक पाडलेलं असायचं. भोकातून पुढच्या पानाचा तुकडा दिसायचा आणि आपल्या मनात भलतंच काहीतरी यायचं. पान उलटलं की साधीच गोष्ट निघायची. आमच्या घरी तो अंक मोठ्यांच्या कपाटात असायचा आणि ती पानं कोपऱ्यांना जास्त मळलेली असायची. ते भोक कात्रीनं कागदालाच पाडता येतं, पडद्याला नाही. परदेशात आज महागडे अंक जाड कागद, वेगळी बांधणी, खडबडीत मुखपृष्ठ यांवर पैसा घालतात तो याच जातीच्या सुखासाठी.

परवा काकांच्या स्टॉलवर पुन्हा गेलो होतो. दिवाळीला तीन आठवडे होते. चार्जरच्या वायरी एका पिशवीत भरून खाली ठेवल्या होत्या, सुतळी नवी बांधली होती, चिमटे तेच. लायब्ररीचा माणूस स्कूटरवरून आला, यादी काढली, चाळीस अंक मोजून घेतले, दोन गठ्ठे बांधले आणि काकांशी कमिशनवरून दहा मिनिटं वाद घातला. एक बाई ‘कालनिर्णय’ आलं का विचारून गेली. मी एक अंक उचलला, सवयीनं शेवटून उघडला आणि मलपृष्ठावर कोण आहे ते आधी पाहिलं. एक पतपेढी होती. संचालक मंडळात तीन नावं नवी होती.